हंसा वाडकर

हंसा वाडकर (जन्म : मुंबई, २४ जानेवारी १९२३, मृत्यू : २३ ऑगस्ट १९७१) या मराठी व हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री होत्या. त्यांचे मूळ नाव रतन भालचंद्र साळगावकर. 'संत सखू' (१९४१), 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७), 'पुढचं पाऊल' (१९५०) आणि 'सांगत्ये ऐका' (१९५९) हे त्यांचे गाजलेले चित्रपट होत. संत स्त्री आणि तमाशातील नर्तकी या परस्परांपासून फार दूर वाटणाऱ्या दोन्ही प्रकारच्या भूमिकांत त्यांना यश मिळाले. 'सांगत्ये ऐका' हे त्यांचे आत्मकथन १९७० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रांत त्याला महत्त्वाचे स्थान आहे. श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' (१९७७) हा हिंदी चित्रपट याच आत्मकथनावरून प्रेरणा घेऊन निर्माण झाला.

घराणे आणि बालपण

हंसाबाईंच्या घराण्याची मुळे सावंतवाडीच्या परिसरात होती. हे घराणे कलावंतिणींच्या परंपरेतले होते. गोवा आणि दक्षिण कोकणात देवस्थानांशी व धनिकांच्या आश्रयाशी जोडलेल्या काही कुटुंबांत गायन-नृत्याची विद्या आईकडून मुलीकडे येत असे. या स्त्रियांच्या कलेला मान होता, परंतु रीतसर विवाह करून संसार थाटण्याचा अधिकार त्यांना समाजाने दिलेला नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी या परंपरेतील अनेक कुटुंबांनी ही चाकोरी सोडण्याचा प्रयत्न केला. विवाह, शिक्षण आणि 'घरंदाज' म्हणून मान्यता मिळवणे ही त्यांची आकांक्षा होती. हंसाबाईंच्या घरातही लग्नाची प्रथा अशीच आधीच्या पिढ्यांत सुरू झाली होती.

त्यांचे बालपण मुंबई आणि सावंतवाडी येथे गेले. शिक्षण मराठी शाळेत सुरू झाले, पण ते फार पुढे जाऊ शकले नाही. घरची ओढगस्त आणि वडिलांचे व्यसन यांमुळे पैशाची गरज सतत भासत होती. नात्यातील काही स्त्रिया त्या वेळी गायन व चित्रपटाच्या क्षेत्रांत काम करीत होत्या. घरात मिळकतीचे दुसरे साधन दिसेना, तेव्हा शाळेत जाण्याच्या वयातील रतनला चित्रपटात पाठवण्याचा निर्णय वडीलधाऱ्यांनी घेतला.

चित्रपटसृष्टी आणि स्त्रिया

हा निर्णय त्या काळी कसा पाहिला जात असे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. दादासाहेब फाळके यांना 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटातील तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही आणि ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या. तरीही पुढील दोन दशके चित्रपटात काम करणाऱ्या स्त्रीकडे संशयाने पाहिले जाई. १९३२ साली 'अयोध्येचा राजा'मध्ये दुर्गा खोटे तारामती झाल्या. सुशिक्षित आणि प्रतिष्ठित कुटुंबातील स्त्री पडद्यावर आल्याची मोठी चर्चा तेव्हा झाली.

दुर्गा खोटे किंवा पदवीधर लीला चिटणीस यांच्या पडद्यावर येण्याने चित्रपटव्यवसायाला प्रतिष्ठा मिळत होती. रतन साळगावकरच्या बाबतीत चित्र उलटे होते. कलावंत घराण्यातून बाहेर पडून 'कुलीन' होऊ पाहणाऱ्या कुटुंबाला मुलीचे चित्रपटात जाणे हे पुन्हा जुन्या वाटेवर जाण्यासारखे वाटत होते. म्हणून साळगावकर हे आडनाव पडद्यावर येऊ नये, असा घरच्यांचा आग्रह पडला. गायिका असलेल्या आत्या इंदिराबाई वाडकर यांचे आडनाव घेण्यात आले आणि 'रतन'ऐवजी 'हंसा' हे नवे नाव मिळाले. मुलीची मिळकत घराला हवी होती, परंतु तिच्या कामाशी घराण्याचे नाव जोडलेले नको होते. हंसाबाईंच्या पुढील आयुष्यात हा विरोधाभास वारंवार दिसतो.

कारकीर्द

प्रारंभ आणि बॉम्बे टॉकीज

'विजयाची लग्ने' (१९३६) हा हंसाबाईंचा पहिला चित्रपट. त्या वेळी त्यांचे वय तेराच्या आसपास होते. यानंतर त्यांनी मुंबईतील निरनिराळ्या चित्रसंस्थांच्या हिंदी चित्रपटांत कामे केली.

हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी मालाड येथे उभारलेल्या बॉम्बे टॉकीज या संस्थेत त्यांचा प्रवेश झाला, ही त्यांच्या कारकिर्दीतील पहिली महत्त्वाची पायरी होय. ही संस्था शिस्तीसाठी आणि नियोजनबद्ध कामासाठी प्रसिद्ध होती. कलाकार व तंत्रज्ञ तेथे पगारी नोकरीवर असत. जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्या 'नवजीवन' (१९३९) या चित्रपटात हंसाबाईंनी नायिकेची भूमिका केली. देविकाराणी नायिका असलेला 'दुर्गा' (१९३९) आणि अशोककुमार व लीला चिटणीस यांचा 'आझाद' (१९४०) या चित्रपटांतही त्या होत्या. कॅमेऱ्यासमोर बेताने बोलणे आणि हालचालींवर ताबा ठेवणे ही बोलपटाला आवश्यक असलेली शिस्त त्यांच्या अभिनयात पुढे कायम राहिली.

'संत सखू'

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'संत तुकाराम' (१९३६) आणि 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) या चित्रपटांद्वारे संतपटांची एक उज्ज्वल परंपरा निर्माण केली होती. 'संत तुकाराम'ची दखल १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातही घेतली गेली. याच परंपरेतील पुढचा चित्रपट म्हणजे 'संत सखू' (१९४१). विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल आणि राजा नेने यांनी तो दिग्दर्शित केला. सखूच्या भूमिकेसाठी हंसा वाडकर यांची निवड झाली.

कऱ्हाडच्या सखूची कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. सासरी छळ सोसणारी सखू पंढरीच्या ओढीने निघते आणि तिच्या जागी प्रत्यक्ष विठ्ठल सून होऊन घरात राबतो, असा या आख्यानाचा गाभा आहे. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला, तरी एक साधी गोष्ट उरते : घरात राबणाऱ्या स्त्रीला चार दिवस स्वतःसाठी हवे असतील, तर तिच्या वाटणीचे काम करायला देवालाच यावे लागते. सखूचा सोशिकपणा आणि तिची ओढ ही दोन्ही रूपे दाखवणे या भूमिकेत आवश्यक होते. या भूमिकेमुळे हंसा वाडकर हे नाव मराठी प्रेक्षकांच्या परिचयाचे झाले. त्या वेळी त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या.

यानंतर प्रभातच्याच 'रामशास्त्री' (१९४४) या चित्रपटातही त्यांनी काम केले. पुढे 'संत जनाबाई' (१९४९) या चित्रपटात त्यांनी पुन्हा एकदा संत स्त्रीची भूमिका साकारली.

'लोकशाहीर रामजोशी'

व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिर या संस्थेचा 'लोकशाहीर रामजोशी' १९४७ साली प्रदर्शित झाला. बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम ही दोन मोठी नावे त्याच्या दिग्दर्शनाशी निगडित आहेत. पटकथा-संवाद व गीते यांसाठी ग. दि. माडगूळकर आणि संगीतासाठी वसंत देसाई यांचे योगदान लाभले. राम जोशी हे पेशवाईच्या उत्तरकाळातील मूळचे सोलापूरचे शाहीर. वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण घरातील हा तरुण तमाशाच्या नादी लागला, लावण्या रचू लागला आणि त्यामुळे घरादाराला व जातीला पारखा झाला. जयराम शिलेदार यांनी राम जोशी यांची, तर हंसा वाडकर यांनी तमाशातील नर्तकी बया हिची भूमिका केली. हा चित्रपट हिंदीतही 'मतवाला शायर रामजोशी' या नावाने निघाला.

चित्रपटाला अतिशय मोठे यश मिळाले. लावणी, सवाल-जवाब, ढोलकीची साथ आणि ग्रामीण प्रेक्षकांच्या ओळखीचा फड या साऱ्यांना पडद्यावर स्थान मिळाले. पुढील दोन दशकांत बहरलेल्या मराठी 'तमाशापटा'चा उगम सामान्यतः याच चित्रपटापासून मानला जातो.

'पुढचं पाऊल' आणि १९५० चे दशक

राजा परांजपे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'पुढचं पाऊल' (१९५०) या चित्रपटात हंसाबाईंसोबत पु. ल. देशपांडे हे नायकाच्या भूमिकेत होते. संगीत सुधीर फडके यांचे होते. या काळात मराठी चित्रपटाचे स्वरूप बदलत होते. प्रभातसारख्या मोठ्या संस्थांचा काळ ओसरत चालला होता आणि लहान निर्माते पुणे-कोल्हापूर येथे चित्रपट काढीत होते. कलाकारांना पगारी नोकरीचा आधार राहिला नाही. एका चित्रपटाचे मानधन संपले की पुढच्याची वाट पाहायची, अशी परिस्थिती बहुतेक कलाकारांची झाली. ज्या अभिनेत्रीवर घर अवलंबून होते, तिच्यासाठी ही अनिश्चितता अधिकच जाचक होती.

'सांगत्ये ऐका' (चित्रपट)

अनंत माने यांनी दिग्दर्शित केलेला 'सांगत्ये ऐका' हा चित्रपट १९५९ साली प्रदर्शित झाला. पटकथा व्यंकटेश माडगूळकर यांची, गीते ग. दि. माडगूळकर यांची आणि संगीत वसंत पवार यांचे होते. हंसा वाडकर, जयश्री गडकर, सुलोचना, चंद्रकांत, सूर्यकांत आणि दादा साळवी यांच्या त्यात भूमिका होत्या. राजुरी गावच्या पाटलाने एका प्रामाणिक शेतकऱ्याच्या कुटुंबावर केलेला अन्याय हा कथेचा विषय आहे. त्या कुटुंबातील पोरक्या मुलीला चिमा ही तमाशातील नर्तकी वाढवते आणि अखेर जे घडले ते गावासमोर उघड होते. चिमाची भूमिका हंसाबाईंनी, तर वाढलेल्या मुलीची भूमिका जयश्री गडकर यांनी केली होती.

पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात हा चित्रपट शंभराहून अधिक आठवडे चालला. आशा भोसले यांनी गायिलेल्या आणि जयश्री गडकर यांच्यावर चित्रित झालेल्या लावणीमुळे जयश्रीबाईंच्या कारकिर्दीला मोठी गती मिळाली. एका अर्थाने या चित्रपटात तमाशापटाच्या नायिकेचे पद एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेले. 'रामजोशी'तील नर्तकी येथे आईच्या भूमिकेत आहे. हंसाबाई त्या वेळी छत्तीस वर्षांच्या होत्या.

तमाशापटाची पार्श्वभूमी

हंसाबाईंच्या नर्तकीच्या भूमिकांना ग्रामीण महाराष्ट्रात एवढा प्रतिसाद का मिळाला, हे कळण्यासाठी तमाशाची स्थूल माहिती असणे उपयुक्त ठरते. तमाशाचे दोन प्रमुख प्रकार मानले जातात. ढोलकी फडाच्या तमाशात गण, गौळण, बतावणी आणि वग असा क्रम असतो आणि फड गावोगाव फिरतो. संगीत बारीत गायन, नृत्य आणि अदाकारी यांवर भर असतो आणि ती बहुधा कायमच्या थिएटरांत सादर होते. पुणे जिल्ह्यात हे दोन्ही प्रकार आजही दिसतात. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे यात्रांच्या हंगामापूर्वी फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी देण्यासाठी तेथे येतात. दौंड तालुक्यातील चौफुला हे पुणे-सोलापूर महामार्गावरील ठिकाण संगीत बारीच्या कलाकेंद्रांसाठी ओळखले जाते. शिरूर, दौंड, आंबेगाव, खेड या तालुक्यांतील गावांच्या यात्रांत तमाशाचा खेळ हा पिढ्यान्‌पिढ्यांचा भाग आहे.

या परिसरातील प्रेक्षकांना तमाशापटातील फड, पाटील, सुपारी, दौलतजादा या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नव्हत्या. त्यांना फडातील स्त्रीचे स्थानही ठाऊक होते. तिच्या कमाईवर अनेक माणसांचे पोट भरते, रात्री तिच्या नाचाला दाद मिळते, परंतु सकाळी गावात तिला सन्मान मिळेलच असे नाही. चित्रपटांनी या स्त्रीला कथेच्या मध्यभागी आणले. बहुतेक तमाशापटांनी तिला शेवटी त्यागमूर्ती ठरवले किंवा तिचे लग्न लावून दिले, ही त्यांची मर्यादाही नोंदवली पाहिजे. स्वतः कलावंत परंपरेतून आलेल्या हंसाबाईंना ही स्त्री केवळ पटकथेतून भेटलेली नव्हती.

वैयक्तिक आयुष्य

या विभागातील माहितीचा मुख्य आधार हंसाबाईंचे आत्मकथन हा आहे. त्यांचे लग्न किशोरवयातच, कुटुंबाच्या परिचयातील आणि त्यांच्याहून वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या गृहस्थांशी झाले. लग्नानंतर चित्रपट सोडून संसार करावा, अशी त्यांची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. आधी आईवडिलांचे घर त्यांच्या मिळकतीवर चालत होते, आता पतीचे घरही चालू लागले. कामे कोणती घ्यावीत, करार कोणी करावेत आणि पैसा कोणाच्या हाती यावा, हे निर्णय बहुतांशी इतर लोक घेत होते. कामाला जाण्याचा आग्रह आणि कामावरून आल्यावर संशय, असे दुहेरी जीवन त्यांच्या वाट्याला आले. त्यांना एक मुलगी झाली.

मद्याचे व्यसन, घर सोडून जाणे, पुन्हा परतणे यांविषयी त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले आहे. एका टप्प्यावर त्या सर्व सोडून मराठवाड्यातील एका खेड्यात एका गृहस्थाच्या घरी सुमारे तीन वर्षे राहिल्या. तेथे त्यांना हवे असलेले घर मिळाले, परंतु त्या घराबाहेर पडण्याचे स्वातंत्र्य मिळाले नाही. अखेर पतीने पोलिसांच्या मदतीने त्यांना परत आणले. या प्रवासात एका न्यायदंडाधिकाऱ्याने केलेल्या अत्याचाराचा उल्लेखही त्यांनी केला आहे. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्या पतीपासून वेगळ्या राहत होत्या.

'सांगत्ये ऐका' (आत्मकथन)

हंसाबाईंनी आपली जीवनकथा तोंडी सांगितली आणि तिचे शब्दांकन अरुण साधू यांनी केले. श्री. ग. माजगावकर यांच्या 'माणूस'मधून ती वाचकांसमोर आली आणि १९७० साली राजहंस प्रकाशनाने ती पुस्तकरूपाने काढली. पुढे 'मुंबई दिनांक' (१९७२) आणि 'सिंहासन' (१९७७) या कादंबऱ्यांनी प्रसिद्ध झालेले साधू त्या वेळी तरुण पत्रकार होते. सांगणारीच्या बोलण्याचा बाज त्यांनी जपला. वाक्ये लहान आहेत, स्वतःच्या समर्थनाचा सूर जवळजवळ नाही आणि घटना अलंकाराविना सांगितल्या आहेत.

पुस्तकाचे नाव गाजलेल्या चित्रपटावरून घेतले आहे. मात्र नावाची भाषाही पाहण्यासारखी आहे. 'सांगत्ये' हे 'सांगते' या क्रियापदाचे बोलीतील रूप होय. मराठीत हे रूप स्त्रीलिंगी आहे. त्यामुळे कर्ता न लिहिताही सांगणारी स्त्री आहे, हे कळते. 'मी सांगत्ये' आणि 'ती सांगत्ये' या दोन्ही ठिकाणी हेच रूप येते. चित्रपटात ते चिमाच्या कथेचे नाव होते. पुस्तकात आल्यावर त्याचा कर्ता 'मी' झाला. 'ऐका' हे आज्ञार्थी रूप वाचकाला उद्देशून आहे. इतरांनी ठरवलेले नाव, इतरांनी केलेले करार आणि इतरांनी लिहिलेले संवाद यांत आयुष्य गेलेल्या अभिनेत्रीने स्वतःच्या शब्दांत काही सांगण्याचा हा प्रसंग होता.

मराठीत स्त्रियांच्या आत्मचरित्रांची परंपरा समृद्ध आहे. रमाबाई रानडे आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनाने तिचा पाया घातला. या आत्मचरित्रांत पती हा बहुधा कथनाचा केंद्रबिंदू असतो. 'सांगत्ये ऐका'मध्ये मात्र मिळवती स्त्री मध्यभागी आहे. स्नेहप्रभा प्रधान यांचे 'स्नेहांकिता', लीला चिटणीस यांचे 'चंदेरी दुनियेत', दुर्गा खोटे यांचे 'मी, दुर्गा खोटे' आणि शांता हुबळीकर यांचे 'कशाला उद्याची बात' ही अभिनेत्रींची आत्मकथने त्यानंतर आली. त्यांतील बऱ्याच लेखिका सुशिक्षित होत्या. शाळा अर्धवट सुटलेल्या हंसाबाईंचे कथन त्यांच्या आधीचे आहे, हे अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. जसबीर जैन आणि शोभा शिंदे यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला आहे.

आत्मकथनाचा आधार घेताना एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. ते एका व्यक्तीने, बऱ्याच वर्षांनी, आठवणीतून सांगितलेले आहे आणि दुसऱ्या व्यक्तीने ते शब्दबद्ध केले आहे. चित्रपटांची वर्षे किंवा घटनांचा क्रम यांसाठी अन्य नोंदींशी ते ताडून पाहावे लागते. परंतु चित्रपटसंस्थांच्या कागदपत्रांत, जाहिरातींत आणि परीक्षणांत जे कधीच नोंदवले गेले नाही, म्हणजे मानधन घरी आल्यावर त्याचे काय होत असे आणि नायिकेचा दिवस घरी कसा संपत असे, त्याचा हा दुर्मीळ पुरावा आहे.

'भूमिका' (१९७७)

श्याम बेनेगल यांनी हंसाबाईंच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी 'भूमिका' हा चित्रपट प्रदर्शित केला. पटकथेत बेनेगल यांच्यासह गिरीश कार्नाड व सत्यदेव दुबे यांचा सहभाग होता. छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे आणि संगीत वनराज भाटिया यांचे होते. चित्रपटातील नायिकेचे नाव उषा असून पडद्यावरील तिचे नाव उर्वशी आहे. ही भूमिका स्मिता पाटील यांनी केली. अमोल पालेकर, अनंत नाग, नसीरुद्दीन शाह, अमरीश पुरी आणि सुलभा देशपांडे हे अन्य प्रमुख कलाकार होते.

'भूमिका'त वर्तमानकाळ रंगीत आणि भूतकाळ बव्हंशी कृष्णधवल वा एकरंगी छटांत दाखवला आहे. त्यातून नायिकेच्या जीवनाबरोबर भारतीय बोलपटाचा बदलता काळही समोर येतो. या चित्रपटासाठी स्मिता पाटील यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पटकथेलाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या वेळी स्मिता पाटील बावीस वर्षांच्या होत्या. महाराष्ट्राबाहेरील प्रेक्षकांना हंसा वाडकर यांची ओळख प्रामुख्याने या चित्रपटामुळे झाली.

तथापि 'भूमिका' हे हंसाबाईंचे चरित्र नव्हे. पात्रांची नावे, काही घटना आणि शेवट हे पटकथाकारांचे आहेत. चित्रपटातील प्रसंग हंसाबाईंच्या आयुष्यातील घटना म्हणून सांगण्याची चूक अनेकदा होते. वाचकांनी मूळ आत्मकथन आणि चित्रपट यांत फरक करावा.

मूल्यमापन

हंसा वाडकर यांची चित्रपटांतील कारकीर्द बोलपटाच्या प्रारंभकाळात सुरू झाली. संतपट आणि तमाशापट या मराठी चित्रपटाच्या दोन महत्त्वाच्या प्रवाहांत त्यांनी मध्यवर्ती भूमिका केल्या. सखू आणि बया या भूमिकांमध्ये केवळ सहा वर्षांचे अंतर आहे. एकाच अभिनेत्रीला प्रेक्षकांनी या दोन्ही रूपांत मनापासून स्वीकारले, हे त्यांच्या अभिनयक्षमतेचे प्रमाण होय.

त्यांचे आयुष्य बहुधा 'शोकांतिका' या एका शब्दात सांगितले जाते. हा शब्द अपुरा आहे. त्यात त्यांच्या दुःखाची नोंद होते, पण कष्टाची होत नाही. वयाच्या तेराव्या वर्षापासून त्या काम करीत होत्या आणि त्यांच्या कामावर एकाहून अधिक घरे उभी होती. त्या काळातील कायदा आणि रूढी यांनी मिळवत्या स्त्रीला स्वतःच्या मिळकतीवर व्यवहारात फारसा ताबा मिळू दिला नाही. व्यसन आणि घर सोडून जाणे यांचा विचार या परिस्थितीपासून तोडून करता येत नाही. हंसाबाईंनी आत्मकथनात स्वतःचे दोष लपवले नाहीत आणि इतरांवर सारा भारही टाकला नाही. म्हणूनच त्यांचे पुस्तक चित्रपटाच्या इतिहासाइतकेच स्त्रीश्रमाच्या इतिहासाचेही साधन ठरते.

निवडक चित्रपट

• विजयाची लग्ने (१९३६) : पहिला चित्रपट
• नवजीवन (१९३९) : हिंदी, बॉम्बे टॉकीज, दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन
• दुर्गा (१९३९) : हिंदी, बॉम्बे टॉकीज
• आझाद (१९४०) : हिंदी, बॉम्बे टॉकीज
• संत सखू (१९४१) : प्रभात, सखूची भूमिका
• रामशास्त्री (१९४४) : प्रभात
• लोकशाहीर रामजोशी (१९४७) : राजकमल कलामंदिर, बयाची भूमिका
• संत जनाबाई (१९४९) : संत स्त्रीची भूमिका
• पुढचं पाऊल (१९५०) : दिग्दर्शक राजा परांजपे
• सांगत्ये ऐका (१९५९) : दिग्दर्शक अनंत माने, चिमाची भूमिका